राजाराम कॉलेज, डिव्हिजन थ्री

आमच्या टीममधला एक सिनियर बारा वर्षांपूर्वी ऑनसाईट गेला तो तिकडे न्यू जर्सीतच राहिला. मूळचा डोंबिवलीचा. त्याचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, बापापेक्षा अर्धा फूट उंच, आणि शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळतो. मागच्या आठवड्यात क्लायंट कॉलवरून गेला, आम्ही दोघंच उरलो (खरं बोलणं नेहमी अशाच वेळी होतं), तेव्हा तो सांगायला लागला की एका छोट्या कॉलेजच्या कोचने मुलाला मेल पाठवलाय. तुझे व्हिडिओ बघितले, मार्क कळव, एकदा कॅम्पस बघायला ये वगैरे.

मी आपला स्वाभाविक प्रश्न विचारला, "स्कॉलरशिप किती?"

"शून्य."

"म्हणजे?"

"अरे, डिव्हिजन थ्री आहे ते. खेळासाठी एक डॉलर देत नाहीत. द्यायला बंदीच आहे."

मग कोच मेल कशाला पाठवतो, मुलगा उड्या कशाला मारतोय आणि बाप रात्री साडेअकराला मला हे कौतुकाने का सांगतोय, हे कळायला मला थोडा वेळ लागला. शेवटी त्याने विचारलं, "तुमच्या कोल्हापुरात असलं काही होतं का रे? तुम्ही तर सगळे पैलवान." मी म्हटलं, होतं की. एकदा तर त्यापायी प्राचार्यांचं घर गहाण पडलं. तो हसला, त्याला वाटलं मी थापा मारतोय. त्याला दोन वाक्यांत काय सांगणार? म्हणून हा वीकेंड त्या गोष्टीला.

आधी डिव्हिजन थ्री म्हणजे काय ते उरकून घेऊ, म्हणजे पुढचं नीट लागेल. अमेरिकेत कॉलेजांच्या बहुतेक खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिचा जन्म १९०६ चा. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानांवर इतकी पोरं दगावली की खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना (पहिले, थिओडोर) कॉलेजवाल्यांना बोलावून घ्यावं लागलं होतं. १९७३ मध्ये या संस्थेने कॉलेजांच्या तीन डिव्हिजन पाडल्या. पहिलीत टीव्हीचे करार, भरगच्च स्टेडियम आणि खेळाडूंना स्कॉलरशिप. दुसरीत थोडी कमी. तिसरीत चारशेहून जास्त कॉलेजं आहेत, म्हणजे संख्येने तीच सगळ्यात मोठी, आणि नियम असा की खेळतो म्हणून विद्यार्थ्याला पैसे द्यायचे नाहीत. गरिबी बघून द्या, मार्क बघून द्या, बास्केटबॉल बघून देऊ नका.

आपल्या लोकांना आवडेल अशी माहिती म्हणजे एमआयटी आणि कॅलटेक दोन्ही या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतात. कॅलटेकची बास्केटबॉल टीम आपल्या गटातले सलग ३१० सामने हरली होती. १९८५ पासून २०११ पर्यंत! फेब्रुवारी २०११ मध्ये एका गुणाने एक सामना जिंकली तर पोरांनी असा जल्लोष केला की वर्ल्ड कप आणलाय. आता ३१० सामने हरूनही दर वर्षी कोच नवी मुलं शोधतोच, आणि मुलं येतातच. कोच फक्त एवढं सांगू शकतो की हा मुलगा मला टीममध्ये हवा आहे. प्रवेश द्यायचा की नाही ते अॅडमिशनवाले ठरवणार. आणि उद्या मुलाने खेळ सोडला तरी त्याची सीट कुठे जात नाही, कारण तिला खेळाचा पैसा चिकटलेलाच नाही.

थोडक्यात, कॉलेज एका मुलाला निवडतं. त्यातून कॉलेजला पैसा मिळत नाही, मुलालाही मिळत नाही. तरी दोघांना ते हवं असतं. हे डोक्यात ठेवा आणि आता कोल्हापूरला चला.

कोल्हापुरात खेळाडू 'रिक्रूट' करायची पद्धत कॉलेजांच्या बरीच आधीची, आणि ती तालमीची. वस्ताद पोराची मान बघतो, मनगट बघतो, बापाची उंची विचारतो आणि ठेवून घेतो. पोरगं तालमीतच झोपतं, पहाटे उठून माती खणतं, जोर-बैठका मारतं. त्याची स्कॉलरशिप म्हणजे खुराक. दूध, तूप, बदाम, थंडाई. पैलवान पोसणं हे एका शेतकरी घराच्या आवाक्यातलं काम नव्हे, त्यामुळे त्याच्या मागे कोणीतरी दाता लागतो. कोल्हापुरात सगळ्यात मोठा दाता दरबार होता.

राजर्षी शाहू महाराजांनी या गोष्टीचं एक अख्खं तंत्र उभं केलं. देशभरचे मल्ल बोलावले, त्यांना राजाश्रय दिला, तालमींना मदत केली. १९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले, तेव्हा रोमचं कलोसियम बघितलं आणि डोक्यात घेऊन परत आले. त्यातून खासबाग मैदान झालं, १९१२ साली. जमिनीत खोल उतरत गेलेलं गोल मैदान, मध्ये हौदा, कुठेही बसा, कुस्ती दिसतेच. (इंजिनियरिंगला असताना आम्हाला एका सरांनी साईटलाईन शिकवायला सिनेमा थिएटरचं उदाहरण दिलं होतं. थिएटर कशाला, खासबागला न्यायचं ना!)

त्याच १९०२ च्या जुलैमध्ये महाराजांनी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवायचा हुकूम काढला आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं. मग वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं होत गेली. हे इथे सांगायचं कारण, खेड्यातलं शेतकऱ्याचं पोरगं कोल्हापुरात राहून कॉलेजात जाऊ शकतं ही कल्पना आपोआप आलेली नाही. तालीम आणि बोर्डिंग एकाच राजाने वाढवली. पण दोन्हीकडची पोरं वेगळी असायची. तालमीतलं कॉलेजात जात नसे आणि कॉलेजातलं लंगोट लावत नसे. सगळीच नाही, पण बहुतेक. घरात म्हणायचेच, शिकायचंय का पैलवानकी करायचीय, एक काय ते ठरव.

ज्याने हे 'एक काय ते' ठरवायला नकार दिला त्याचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

जन्म १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, कराडजवळ. पाच भावांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरातच आखाडा. शाळा कराडची टिळक हायस्कूल. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणं, निरोप पोचवणं हेही झालं. शाळा संपवून ते कोल्हापूरला आले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज १८८० चं, दक्षिण महाराष्ट्रातल्या जुन्या कॉलेजांपैकी एक. त्याला नाव दिलं आहे ते युरोपच्या प्रवासात १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारलेल्या तरुण छत्रपती राजाराम महाराजांचं.

कॉलेजात पहिलाच प्रसंग असा. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा गेले तर क्रीडाशिक्षकांनी नाव घेतलं नाही. अंगकाठी किरकोळ, हा काय कुस्ती करणार? आता यात त्या शिक्षकांनाही फार दोष देता येत नाही. कोल्हापुरात पैलवान म्हटला की डोळ्यांपुढे जे चित्र येतं त्यात हा मुलगा बसत नव्हता. मातीवरच्या कुस्तीत वजनी गटांचं प्रस्थ नव्हतं. वजन आणि ताकद दिसायला हवी, ती दिसत नव्हती. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी सांगितलं, उतरू दे त्याला. उतरले, आणि आपल्याहून थोराड पोरांना पाडून बाहेर आले.

एवढीच रिक्रूटमेंट! ना व्हिडिओ, ना मेल. पण बघा, त्यात न्यू जर्सीच्या गोष्टीतला मुख्य भाग आहेच. कॉलेजातल्या एका माणसाने नेहमीच्या चौकटीत न बसणारा मुलगा पाहिला आणि म्हटलं, हा आमचा.

या बॅ. खर्डेकरांविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण खाशाबांच्या गोष्टीत ते नेहमी एका ओळीत येतात आणि जातात. इंग्रजी लेखांत तर त्यांचं आडनावसुद्धा सर्रास 'खर्डीकर' छापलेलं सापडतं. ते पुढे पहिल्या लोकसभेत कोल्हापूर-सातारा मतदारसंघातून खासदार होते. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे, वेंगुर्ल्याच्या कॉलेजलाही आहे. त्या ग्रंथालयात परीक्षेआधी रात्र-रात्र बसलेली माझ्या ओळखीची निदान दहा माणसं आहेत. त्यातल्या एकालाही मी विचारलं तेव्हा 'खर्डेकर कोण' हे सांगता आलं नाही. असो.

१९४८ चं लंडन ऑलिम्पिक आलं. तोवर खाशाबांचं नाव झालं होतं. कोल्हापुरात बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचं मार्गदर्शन मिळत होतं. लंडनला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. गादीवर शहाजी महाराज होते, देवासहून दत्तक येऊन वर्षभरच झालं होतं. म्हणजे शाहू महाराजांच्या वेळची व्यवस्था अजून चालू होती. चांगला मल्ल दिसला की दरबार हात सैल सोडतो.

लंडनमध्ये खाशाबांसमोर दोन गोष्टी नव्या होत्या. एक मॅट आणि दुसरी गुण. मातीवर पाठ लागली की कुस्ती संपली, चीतपट, प्रश्न मिटला. इथे पाठ न लावताही गुणांवर हरता येतं. आपण पाय रोवायची सवय मातीत केलेली, गादीवर पाय वेगळा पडतो. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने तिथल्या तिथे जेवढं शिकवता येईल तेवढं शिकवलं. तेवढ्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत पाडलं आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र हरले. फ्लायवेट गटात सहावे आले. म्हणजे तेव्हा ५२ किलोला.

इथे मला अमेरिकेतली एक तारीख शेजारी ठेवावीशी वाटते. अमेरिकेत ऑलिम्पिकवाली कुस्ती हा मुळात कॉलेजांचा खेळ आहे, त्यांचे मल्ल तालमीतून नाही, कॉलेजातून येतात. आणि तिथे कॉलेज आणि खेळाचा पैसा हे भांडण फार जुनं. त्यांची पहिली आंतरकॉलेज स्पर्धा १८५२ ची, हार्वर्ड विरुद्ध येल, नावांची शर्यत, आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने केला होता, कारण त्यांना प्रवासी हवे होते! म्हणजे स्पॉन्सर पहिल्या दिवसापासून हजर. जानेवारी १९४८ मध्ये, खाशाबा लंडनला गेले त्याच वर्षी, एनसीएएने 'सॅनिटी कोड' नावाचा नियम केला. खेळाडूला मदत द्यायची तर त्याची गरज बघून, खेळ बघून नाही. तीन वर्षांत, १९५१ मध्ये, कॉलेजांनी तो नियम फेकून दिला. १९५६ पासून खेळासाठी पूर्ण खर्च देणं अधिकृत झालं. पुढची डिव्हिजन थ्री म्हणजे एका अर्थाने त्याच जुन्या भांडणात 'आम्ही नाही देणार' म्हणणाऱ्यांचा गट.

तर जगात एकीकडे कॉलेजांनी खेळाडूला किती पैसे द्यावेत यावर ठराव होत होते. कोल्हापुरात त्याच चार वर्षांत पैसे देणारा कोण, हाच प्रश्न उभा राहिला.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

खाशाबांवरचे लेख वाचताना ही तारीख मला जवळजवळ कुठेच भेटत नाही. १९४८ ला महाराजांनी पैसे दिले, १९५२ ला वणवण करावी लागली, असं एका दमात सांगितलं जातं आणि वाचणारा सरकारला शिव्या देऊन पुढे जातो. शिव्या द्यायला हरकत नाही, पण मध्ये काय घडलं ते तरी बघू. आपल्या भाषेत सांगायचं तर मायग्रेशन झालं. जुना सर्व्हर १ मार्चला बंद केला, आणि नव्या सिस्टिममध्ये 'पैलवानाला परदेशी पाठवणे' हे मॉड्यूल अजून लिहिलेलंच नव्हतं. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण संस्थान गेलं तेव्हा त्यासोबत एका माणसाच्या मर्जीवर चालणाऱ्या शंभर बारीकसारीक गोष्टी गेल्या. चित्रकार, गायक, मल्ल, शिकायला परदेशी जाणारी मुलं, या सगळ्यांचा आधार तीच मर्जी होती. ती जागा कायद्याने आणि बजेटने भरायची होती आणि तिला वेळ लागणार होता. खाशाबांकडे वेळ नव्हता. कुस्तीगिराचं वय थांबत नाही.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी आधी निवडीतच खोडा बसला. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे टाकलं गेलं. तो गुण मुद्दाम कापला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी दाद मागितली पतियाळाच्या महाराजांकडे. यादवींद्रसिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी पुन्हा कुस्ती लावायला सांगितली, आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला पाडून जागा मिळवली. म्हणजे बघा, संस्थानं गेली तरी न्याय मागायला शेवटी एका महाराजांच्याच दारात जावं लागलं. नवी व्यवस्था तयार होईतो जुन्या व्यवस्थेची माणसं नव्या खुर्च्यांवर बसून काम चालवत होती.

निवड झाली, आता पैसे. गावात वर्गणी झाली. घरच्यांनी पदरचं घातलं. खाशाबा स्वतः दारोदार फिरले. मुंबई सरकारकडे, म्हणजे मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे, अर्ज-विनंत्या झाल्या, पण तिकडून प्रवास उभा राहील अशी मदत आली नाही. मोठी रक्कम कमीच पडत होती. तेव्हा बॅ. खर्डेकरांनी आपलं घर मराठा बँकेकडे गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

सात हजार हा आकडा आपण आज वाचतो तेव्हा तो फोनच्या हप्त्यासारखा वाटतो. त्या वर्षी सोनं तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होतं. म्हणजे सत्तर तोळ्यांहून जास्त सोन्याची ही रक्कम. आता स्वतःचा होमलोन डोळ्यांपुढे आणा (ज्यांचा आहे त्यांनी, बाकीच्यांनी नवस बोला), आणि विचार करा की तुम्ही घर गहाण टाकताय, आणि ते पोराच्या शिक्षणासाठी नाही, बायकोच्या ऑपरेशनसाठी नाही, तर कॉलेजातल्या एका मुलाने परदेशात जाऊन कुस्ती खेळावी म्हणून. जिंकेल याची काहीही खात्री नाही. तोवर स्वतंत्र काय किंवा पारतंत्र्यातल्या काय, भारताच्या कोणत्याही कुस्तीगिराने ऑलिम्पिकमध्ये पदक आणलेलं नव्हतं. शेजारच्या माणसाला हे सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता? कोल्हापुरात काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

मला या कर्जाचा विचार करताना राहून राहून वाटतं ते हे की त्यात कॉलेजचा फायदा शोधूनही सापडत नाही. अॅडमिशन वाढणार नव्हत्या, देणग्या येणार नव्हत्या. महाराज पैसे द्यायचे तेव्हा मल्लाच्या विजयात दरबाराची शान असायची. हा तसा सौदाही नव्हता. आणि ही संस्थेची तिजोरीही नव्हती, एका माणसाचं राहतं घर होतं. याला व्यवस्था म्हणता येत नाही. उलट आपण ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो ते हेच. खर्डेकरांच्या जागी दुसरे कोणी असते, किंवा त्यांच्याकडे गहाण टाकायला घरच नसतं, तर पुढचं काही झालं नसतं. असे किती खाशाबा कराडात, इचलकरंजीत, गडहिंग्लजात राहिले असतील.

हेलसिंकीला कोल्हापूरचेच केशव माणगावेही होते. त्यांचं पदक अगदी थोडक्यात हुकलं. खाशाबा आता बँटमवेटमध्ये, ५७ किलो. कॅनडाच्या अॅड्रियन पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला त्यांनी चीत केलं, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला २-१ असं गुणांवर हरवलं. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लढत लांबली, पंधरा मिनिटं, आणि त्यात ते हरले. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत युनियनच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती हा नियम होता. पण नियम दाखवून भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात हॉलंडला ६-१ ने हरवून सुवर्ण जिंकलं. मग कांस्य कोणाच्या लक्षात राहणार?

राहिलं ते कराडच्या. स्टेशनवरून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट, त्या दिवशी सात तास लागले. नवं सरकार, नवी संघटना, नवं बजेट यांतलं काहीही त्या मिरवणुकीत नव्हतं. होती ती वर्गणी दिलेली माणसं.

पुढची तीस वर्षं मी पटकन सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत आहेत आणि वाचून त्रास होतो. १९५५ मध्ये खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. २७ वर्षं नोकरी केली, असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले, पेन्शनसाठी झगडले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. पुढचं वैयक्तिक पदक लिअँडर पेसने आणलं, १९९६ मध्ये, तब्बल ४४ वर्षांनी. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी तिथल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं, आणि १५ जानेवारी २०२३ ला गुगलने डूडल केलं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी तिघांनी मला विचारलं, "हा तुमच्याकडचा का रे?"

ते न लिहिलेलं मॉड्यूल मात्र हळूहळू लिहिलं गेलं, हे कबूल करायला हवं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. क्रीडा प्रबोधिनी आहेत, जिथे पोरगं लहानपणीच निवडून ठेवून घेतात, शाळा, जेवण, प्रशिक्षण सगळं सरकारी. तालीमच ती, फक्त वस्तादाच्या जागी चाचणीचा तक्ता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये याच वाटेने गेला. पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेऊन आला. खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, पण या वेळी कोणाच्या प्राचार्यांचं घर बँकेकडे गेलं नाही. त्याच व्यवस्थेत बोगस प्रमाणपत्रं घेऊन नोकऱ्या लाटण्याची प्रकरणंही निघाली, तेही खरं. जिथे कोटा आला तिथे झेरॉक्सचं दुकानही येतंच.

मात्र या सगळ्यात कॉलेज कुठे आहे, ते मला दिसत नाही. खेळाडू घडवतं ते सरकार किंवा अकॅडमी, पोसते ती रेल्वे किंवा पोलिस खातं. कॉलेजात त्याचं नाव असतं, हजेरी माफ असते, आंतरविद्यापीठ स्पर्धेपुरता तो आमचा असतो. मी ज्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकलो तिथे बास्केटबॉलचं कोर्ट होतं, त्यावर चार वर्षं स्टाफच्या गाड्या लागायच्या. एकदा आम्ही पाच-सहा जणांनी अर्ज दिला तर उत्तर आलं की खेळणाऱ्यांची यादी आणा. यादी दिली. मग विचारलं, यातले जिल्हा पातळीवर कोण? कोणीच नव्हतं. अर्ज फाईलला लागला. जो जिल्ह्याला, राज्याला खेळेल त्याच्यासाठी आज योजना आहे. जो फक्त बरा खेळतो आणि खेळत शिकायचं म्हणतो, त्याला 'ये, तू आमचा' म्हणणारी मेल आपल्याकडे कोणी पाठवत नाही. न्यू जर्सीतल्या त्या पोराला जे मिळालंय ते एवढंच आहे आणि बाप त्यावर खूश का आहे ते मला आता कळतंय.

सात हजारांचं राहिलंच. हेलसिंकीहून आल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं असेल, तर कोल्हापुरात कुस्त्या लावल्या. मॅट नाही, गुण नाहीत, आपली नेहमीची माती. ऑलिम्पिकचा पदकविजेता पुन्हा लंगोट लावून आखाड्यात उतरला, कुस्त्या जिंकल्या आणि त्यातून जमलेले पैसे प्राचार्यांना नेऊन दिले. बॅ. खर्डेकरांचं घर सुटलं.